फिरते मेज, ट्रेलर आणि इतर चीजवस्तू

मी, गोदाबाई, तंजावरचे कै. हंबीरराव मोहिते यांची मुलगी आणि कै. उमाकांत शितोळे यांची पत्नी, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली शिवणशिक्षिका, राहणार टी. नगर, मद्रास, हा दस्त स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकील राघोत्तमराव सांगतात. मला कोणी धाक घातलेला नाही की गळ घातलेली नाही. मूलबाळ नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते खाली लिहिते. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. कोणी तसा कागद दाखवल्यास तो खोटा समजावा.

१. राहते घर माझ्या नणंदेची मुलगी विद्युलता हिला द्यावे. कॉलेजची सगळी वर्षे ती याच घरात राहिली आणि मामाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. पुढच्या पायऱ्यांवर घातलेला सिमेंटचा उतार तिने तोडू नये. तो दिसायला बरा नाही हे मला ठाऊक आहे.

२. पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्मास लागेल तेवढी वापरून उरलेली शाळेच्या शिवणवर्गाला द्यावी. क्रियाकर्म थोडक्यात उरकावे.

३. ट्रेलर आणि त्याचे फिरते मेज. हे कलम लांबणार आहे. "आवश्यक तेवढंच लिहा," असे राघोत्तमराव म्हणाले होते. आवश्यक किती, ते मी ठरवते.

माझे यजमान सर्वेक्षण कार्यालयात नकाशे काढत. ते साताऱ्याकडचे. लग्नानंतर माझी तंजावरी मराठी ऐकून त्यांना हसू येई, आणि माझ्या आईला त्यांचे साधे बोलणेही भांडल्यासारखे वाटे. दुसऱ्यांनी उन्हात फिरून मोजमापे आणायची आणि यांनी त्यावरून किनारे, ओढे, दलदली शाईने उमटवायच्या, असे त्यांचे काम. कोडियक्करैचा किनारा त्यांनी इतक्या वेळा काढला होता की डोळे मिटूनही काढता आला असता. पण तो त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"निवृत्त झालो की मी काढलेलं सगळं एकदा बघून येऊ," असे ते म्हणत. त्यासाठीच त्यांनी लष्कराच्या लिलावातल्या जुन्या आसावर हा ट्रेलर बांधला. सागवानी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत दोघांपुरता बिछाना आणि स्टोव्ह. गाडीमागे जोडून न्यायची एक लहानशी खोलीच ती.

ट्रेलर तयार झाला त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचाही गेली. दोन शब्द तेवढे राहिले, "असू दे". भात वाढू का? असू दे. दुखतंय का? असू दे. डॉक्टर म्हणाले, शब्द हेच राहतील, अर्थ तुम्ही ओळखायचा.

चाकांची खुर्ची ट्रेलरच्या दारातून आत जात नव्हती. बाहेर मोकळ्यात ठेवली की ते उजवीकडे कलत आणि मान छातीवर पडे. मग त्यांना दिसे ती फक्त स्वतःची मांडी. घरात मात्र खुर्ची टेबलाला भिडवून दोन्ही कोपर वर ठेवले की ते सरळ बसत आणि समोर पाहू शकत. म्हणजे ट्रेलरमधून बाहेर येईल, त्यांच्या छातीशी थांबेल आणि त्यांचा भार घेईल असे मेज हवे होते. प्रवासात ते आत भिंतीला चिकटून राहायला हवे होते. सुताराला सांगितले तर तो म्हणाला, घडीचे टेबल विकत घ्या. घडीचे टेबल त्यांच्या भाराने उलटते, हे त्याला पटवण्यापेक्षा करवत हातात घेणे मला सोपे वाटले.

कापड कापण्याआधी कागद कापायचा ही माझी सवय. मी जाड कागदाची मेजे कापून दारात धरून पाहिली. पहिले मेज दाराच्या चौकटीला बिजागरीवर लावले. यजमानांनी कोपर टेकताच ते वाकले आणि बिजागरीचे स्क्रू लाकडातून उपटून आले. दुसऱ्याला बाहेरच्या टोकाला पाय दिला. तो पाय खुर्चीच्या पायटेकणीला अडे, शिवाय वाळूत रुते. मी मनातून हरले होते.

त्या सुमारास माझी दाढ दुखू लागली. दंतवैद्य डॉ. गुरुमूर्ती यांच्या खुर्चीत मी तोंड वासून पडले असताना त्यांनी बोटाने हलकेच ओढले आणि अवजारांचे तबक भिंतीकडून तरंगत माझ्या छातीवर येऊन थांबले. त्याला पाय नव्हता. एका खांबातून एक लोखंडी हात निघाला होता, त्या हाताला मध्ये कोपरासारखा सांधा होता, आणि एवढे जड तबक त्यावर पाण्यासारखे स्थिर होते. मी दाढ विसरले. इतकी वर्षे माणसे या खुर्चीत बसून गेली आणि हे पाहून कोणी ओरडले कसे नाही, असे मला वाटले.

"डॉक्टर, हे खालून बघू का?"

"आधी दाढ काढू का?" ते म्हणाले.

दाढ काढून झाल्यावर तोंडात कापूस धरून मी त्यांच्या फरशीवर आडवी झाले आणि सांधा पाहिला. खांबात नळी, नळीत दांडा, दांड्याखाली घासून गुळगुळीत केलेली चकती. सगळा भार त्या चकतीवर.

गिंडीला वेंकटरमण म्हणून लेथवाले आहेत. त्यांना मी कागदाचा नमुना दाखवला. ते हसले. "अम्मा, दात काढायला गेला होतात की यंत्र चोरायला?" पण त्यांनी दोन्ही सांधे असे कातून दिले की नळीत दांडा सोडला तर तो आतली हवा ढकलत, हळूहळू, मोठा श्वास सोडावा तसा खाली जाई. मी तो पुन्हापुन्हा वर काढून सोडत बसले. शेवटी त्यांच्या जेवणाची वेळ झाली. खांब आम्ही ट्रेलरच्या तळाशी आसावरच्या लोखंडी चौकटीला जोडला. मेजाची फळी मी केली, आणि तिला पोटाशी बाक दिला, ब्लाउजच्या गळ्याला देतात तसा. वेंकटरमण यांना माझा पितळी कॉफी फिल्टर द्यावा. त्यांना तो आवडतो आणि ते मागणार नाहीत.

पहिली चाचणी शोळिंगनल्लूरच्या सुरूच्या बनात घेतली. माझा थोरला भाऊ राणोजी याची जीप होती. ती दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता, म्हणून स्वतः आला. मी यजमानांसमोर मेज ओढले, त्यावर ताक ठेवले, आणि मेज आपल्या आपण ताकासकट निघून गेले. जमीन उतरती होती. राणोजी म्हणाला, "तुझं टेबल घरी चाललं." यजमान एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर मी सांध्याला आवळायचा स्क्रू बसवला, आणि ट्रेलर उभा करताना ताटात पाणी घेऊन, ते सपाट होईपर्यंत चाकाखाली विटा सारायचा नेम केला.

मग मी कोडियक्करैला जायचे म्हटले. डॉक्टरांनी मनाई केली. राणोजीने सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटले, "नवऱ्याला रानात नेऊन मारणार आहे ही." मी यजमानांना विचारले, "वाटेत काही झालं तर?" ते म्हणाले, "असू दे." त्या वेळी त्याचा अर्थ ओळखावा लागला नाही. मी सामान बांधले. राणोजी रात्री येऊन, तेल भरलेली जीप ट्रेलरला जोडून गेला.

१९६० च्या जानेवारीत आम्ही पोहोचलो. सकाळी मिठागरांच्या कडेला ट्रेलर लावला, ताटात पाणी धरले, विटा सारल्या. मेज बाहेर फिरवून यजमानांच्या छातीशी आणले, स्क्रू आवळला, त्यांचे कोपर वर ठेवले. त्यांची मान उचलली गेली. समोर उथळ पाणी होते आणि त्याच्या पलीकडे लांबच लांब पांढरी रेघ. मला वाटले मीठ असेल. रेघ चालत होती. ते रोहित पक्षी होते, ज्यांना तिथले लोक पूनारै म्हणतात. नजर पोहोचेल तिथपर्यंत तेच होते.

वरून एक घार गेली असावी. ती रेघ एका टोकाकडून उठू लागली, आणि उठता उठता आतून लाल झाली. पंखांखालचा तो लाल रंग आणि त्याची काळी कड मी आयुष्यभर कापडे हाताळूनही कुठे पाहिली नव्हती. आवाज आधी आला नाही. मग आला, आणि मेजावरचा पेला थरथरला. आमच्या शेजारून मिठाची पाटी घेऊन एक बाई चालली होती. ती पाटी खाली ठेवून उभी राहिली.

"तुम्ही तर रोज बघत असाल," मी तिला तमिळमध्ये म्हटले.

"रोज बघते," ती म्हणाली. "तरी उभी राहते."

मी राणोजीकडे पाहिले. त्याने चपला काढल्या होत्या. का काढल्या, ते त्यालाही कळले नसावे.

"असू दे," माझे यजमान म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. आकाशाकडे पाहून बोलत होते, देवापुढे मागावे तसे. हे असू दे.

पक्षी पुन्हा उतरल्यावर त्यांचा डावा हात मेजावर काहीतरी शोधू लागला. दुखणे आल्यापासून त्यांनी पेन्सिलीला हात लावला नव्हता. मी पेन्सिल दिली, कागद धरून ठेवला. त्यांनी डाव्या हाताने पाण्याची कड काढली. रेघ कापत होती, पण वळण बरोबर होते. त्यांनी पाण्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, आणि कार्यालयात दुसऱ्याचे काम तपासून पसंत पडले की हलवत तशी मान हलवली.

पुढे १९६३ मध्ये ते गेले. तोवर प्रत्येक हिवाळ्यात आम्ही कुठे ना कुठे गेलो आणि ते रोज चित्र काढत. ती सर्व चित्रे विद्युलतेला द्यावीत. कोडियक्करैची पहिली रेघ मात्र माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. ती मी कोणाला देऊ शकत नाही.

४. ट्रेलर, मेजासह, माझा भाऊ राणोजीराव मोहिते याला द्यावा. लग्नकार्यांत तो "मेजाची कल्पना माझीच" असे सांगतो. ते खरे नाही, याची येथे नोंद करते. परंतु त्या सकाळी जीप त्याने चालवली, आणि परतीच्या वाटेत प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबवली, हेही तितकेच खरे आहे. शर्त एवढीच की ज्याला चालता येत नाही असा कोणीही मागायला आला, तर त्याने ट्रेलर जोडून त्याला घेऊन जावे, आणि मेज कोणी केले असे विचारल्यास खरे सांगावे.

५. हत्यारे, म्हणजे करवती, रंधा, पटाश्या, गिरमिट, गुण्या आणि नळ्या कापायची करवत. गेल्या नवरात्राच्या आधी अलमेलू नावाची बाई माझ्या दारी आली. ती बाजारात फुले विकते. तिचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि त्याचे कमरेखालचे अंग गेले. तिने मेजाबद्दल कुठेतरी ऐकले होते. मी ते फिरवून दाखवले. येणारे लोक फळीवर हात फिरवतात. हिने खाली वाकून सांध्याला बोट लावले.

मी म्हटले, "न्यायचं असेल तर ने. माझं काम संपलंय."

"मेज नको, अम्मा," ती म्हणाली. "हे कसं करतात ते दाखवा."

ती सकाळची फुले विकून येई आणि आम्ही दोघी अंगणात बसत असू. पहिली फळी तिने फाडली, दुसरी मी. काल राघोत्तमरावांकडे जाताना मी मुद्दाम तिच्या गल्लीतून गेले. तिने खांब घराच्या चौकटीला लावला आहे. मेज ओसरीवरून रस्त्याकडे फिरते. तिचा नवरा त्याला छाती टेकून ताठ बसला होता, हार गुंफत होता, आणि भाव कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी चांगला मोठ्याने भांडत होता. मी छत्री मिटून बराच वेळ तिथे थांबले. मग जवळ जाऊन मेज थोडे हलवून पाहिले. माझे करकरते, तिचे करकरत नाही.

सर्व हत्यारे अलमेलूला द्यावीत. रंध्याचे पाते झिजले आहे, ते तिने बदलून घ्यावे. तिला आणखी शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही.

या दस्ताप्रमाणे सर्व व्यवस्था राघोत्तमराव वकील यांनी लावावी. वरचा मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यादेखत मी, व माझ्या आणि एकमेकांच्या देखत त्या दोघांनी, खाली सह्या केल्या.

सही: गोदाबाई उमाकांत शितोळे

साक्षीदार:
१. डॉ. गुरुमूर्ती, दंतवैद्य, मैलापूर
२. अनंतकृष्ण, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी

स्थळ: टी. नगर, मद्रास
दिनांक: ११ फेब्रुवारी १९६६