अठ्ठावीस दिवसांचं कोल्हापूर

२७ जानेवारी १९९८
यांच्या डाव्या करंगळीला दोन टाके. "पत्रा लागला," एवढंच सांगितलं. जेवताना खरं बाहेर आलं. लेथवर उभ्या उभ्या डुलकी लागली होती. लागणारच. पहाटे साडेपाचची एस.टी., घरी यायला रात्रीचे नऊ. नोकरी कोल्हापुरात, अंथरूण इथं शिरोळकडं, आणि झोप गाडीच्या दांड्याला धरून.
आज करंगळी. पुढचं लिहीत नाही.

२९ जाने.
कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या आहेत म्हणे. यांच्या कारखान्यातल्या एकाच्या ओळखीनं. भाडं अकराशे, डिपॉझिट दहा हजार. आत्ताचे भाडेकरू मार्चात जाणार, पहिल्या आठवड्यात पैसे द्यायचे. कारखाना सायकलनं दहा मिनिटं.
पगार तीन हजार सहाशे. त्यात बसतं का, हाच प्रश्न. इथं दूध घरचं, गूळ घरचा, भाजी कुणी ना कुणी आणून टाकतंच, त्यामुळं आम्हाला खायला किती लागतं हे आम्हालाच माहीत नाही.
मामंजी यायचे नाहीत. "म्हस कुठं बांधू? गच्चीवर?" विषय संपला.

३१ जाने.
माझ्या डोक्यातून एक निघालं. एक महिना इथंच शहरासारखं राहून बघायचं. रंगीत तालीम. घरचं दूध घेतलं तरी त्याचे पैसे डब्यात. भाडं मामंजींना. चूल बंद, फक्त स्टोव्ह. नळाचं पाणी सकाळी सहा ते सात, नंतर कितीही लागलं तरी नाही. फुकटचं काही घ्यायचं नाही.
फेब्रुवारी यांनीच निवडला. अठ्ठावीस दिवसांचा महिना स्वस्त पडतो. हुशार माणूस.
मामंजी म्हणाले, "भातुकली मांडलीया व्हय ह्या वयात?" पण हसले.

२ फेब्रु.
साडेसातला आंघोळीचं पाणी संपलं. आशू तशीच शाळेत गेली, तोंडावर हात फिरवून. सातवीतली पोरगी, रुसली. संध्याकाळी म्हणाली, "आई, कोल्हापुरात माणसं घाणेरडी असतात का गं?"

३ फेब्रु.
महादेवीअक्का पलीकडच्या घरातल्या. नेहमीसारखी मेथी घेऊन आल्या. नियम म्हणजे नियम. दोन रुपये पुढं केले. झालं.
"मला भाजीवाली केलीस व्हय गं? वीस वर्सं ह्या घरात येतीया मी!"
सगळं समजावलं. समजलं नाही. मेथी पायरीवर टाकून गेल्या. मग मी ती पायरीवरची मेथी बाजारभावानं लिहिली, दोन रुपये डब्यात टाकले. भाजी चांगली झाली, पण घास काही सुखानं उतरला नाही.

५ फेब्रु.
पहाटे हे गाडीला निघायच्या आधी मामंजींना भाडं दिलं. अकरा नोटा मोजून घेतल्या, पावती मागितली तर म्हणाले, "मालकावर इस्वास न्हाय व्हय?" यांची हसून पुरेवाट.
दुपारी ताट वाढलं तर आत येईनात. "भाडेकरूच्या चुलीवर मालकाचं जेवान कसं?"
मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. "तुमी गेल्यावर मी काय खाणार? तुमची तालीम हाय, मग माझी नको?"
खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेल, रॉकेल, आशूची फी, सायकलची दुरुस्ती, सगळं वहीत मांडलं. त्यांचं पान घालायचं राहिलं.
तीन किलो ज्वारीचं पीठ मोजून दिलं, डाळ-तांदूळ दिले. पुढच्या सोप्यात चुलीसाठी तीन विटा मांडल्या त्यांनी.

९ फेब्रु.
यांची सोमवारची सुट्टी. दिवसभर झोपले. सोप्यातून धूर येत होता. यांनी विचारलं, "काय केलंय आबा?" "बेसन-भाकरी." "जमती?" "जमती की. त्यात काय!"
सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्यामागं हे चुलीजवळ कधी बसलेले मी तरी बघितले नव्हते. बरं वाटलं. बाप्ये माणसं वेळ आली की शिकतात.

१४ फेब्रु.
निम्मा महिना. तेवीसशेच्या आत आहोत, भाडं धरून. दुधालाच जास्त जातात. आशूनं एक पेला कमी केला, मी चहा एकदाच करते.
मला जायचंय. इथं कुणाला सांगत नाही, वहीत लिहिते. यांच्या हातासाठी जायचंय, हे खरं. पण माझ्यासाठीही. संध्याकाळी सातला नवरा घरी आलेला मला बघायचाय. माझं दार, माझी कडी. लग्नाला चौदा वर्षं झाली, आमचं असं घर कधी झालं नाही.

१८ फेब्रु.
महादेवीअक्का बोलल्या. अर्धं वाक्य. "शेरात मेथीला माती असती का बघ." फणकारा होता, पण बोलल्या.

२३ फेब्रु.
मामंजी रानात गेले होते. सोपा झाडताना पिठाचा डबा हलवून बघितला. जड. उघडला. मापानं मोजलं. अडीच किलोच्या वर शिल्लक. एकोणीस दिवस झाले.
आशूला पकडलं. रोज संध्याकाळी ती आजोबांकडं सोप्यात जाते. आधी दप्तर उघडून बसली. मग रडली. "आजोबांनी सांगू नको म्हटलंय."
दोन-तीनदा त्यांनी भाकरी करून बघितली. जमली नाही. तेव्हापासून दूध आणि चिरमुरे; डाळ-तांदूळही तसेच. चूल पेटवतात ते दूध तापवायला, आणि आम्हाला धूर दिसावा म्हणून.
यांना सांगितलं नाही. अजून पाच दिवस आहेत.
सांगितलं नाही कारण सांगितलं की कोल्हापूर संपलं.

२८ फेब्रु.
सगळं धरून तीन हजार चारशे साठ. बसलं. हे खूश. मी म्हटलं, "मार्चाला तीन दिवस जास्त असतात." म्हणाले, "तीन दिवस उपाशी राहू."
मला ते ऐकवलं नाही. मी उठून आत गेले.

२ मार्च
यांनी दहा हजार आणून माझ्या हातात दिले. सोसायटीचं कर्ज. "तू महिनाभर मर मर केलीस, तूच ठरव." मोठेपणा दिला की ओझं टाकलं, यांचं यांना ठाऊक.

३ मार्च
सकाळी गोठ्यात गेले. मामंजी धार काढत होते. म्हटलं, "मामा, पीठ तेवढंच आहे."
मान वर केली नाही. "मोजलंस व्हय?"
"मोजलं."
"मोजणारच. तुझं सगळंच मापात."
धार काढता काढताच, "पोरगं मशिनवर झोपाय लागलंय, आनि तू माझं पीठ मोजत बसलीयास?"
मला रडू आलं. म्हटलं, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, येत नाही म्हणून."
"तुला जायचंय हे दिसत हुतं की. त्यात माझी भाकरी कशाला मधी?"
म्हणजे सगळं दिसत होतं त्यांना. मी आपली वहीत लपवत बसले होते.
बादली माझ्या हातात दिली. "दोन दिस हायत न्हवं? शिकीव मला."

४ मार्च
यांना काल सगळं सांगितलं. आज पहाटे निघताना म्हणाले, "उद्या पैसे द्यायचेत. काय ते उद्या सकाळी सांग." नेहमीच्या गाडीनं गेले.
आशू शाळेत गेल्यावर मामंजी परातीसमोर येऊन बसले. पीठ मळायला चांगलं जमतं. हात मोठे, जोर आहे. थापताना मात्र कडेला चिरा पडतात. मी सांगते, पाणी लावा, हळू फिरवा. ऐकतात. एवढं ऐकताना त्यांना कधी बघितलं नाही.
पहिली परातीतच राहिली. दुसरीचे दोन तुकडे. तिसरी जाड, आत कच्ची, तरी खाल्ली. चौथी गोल आली, अगदी गोल. उचलून तव्यावर टाकताना मधूनच फाटली.
आणि मला हायसं वाटलं. एक क्षणभरच. चौदा वर्षं ज्या घरातून निघायचं म्हणते, त्याच घरात हायसं वाटलं.
त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आनि एक गोळा दे," म्हणाले.
दिला.