वेलांटी पहिली की दुसरी?

सूनबाई,

दार उघडण्याआधी हे वाच. बाहेरून रंग ओला आहे. रात्रभर अ‍ॅम्ब्युलन्स चालवून तू गाढ झोपलीस, तेवढ्यात पेंटरला बोलावून दारावर नवी नावं रंगवून घेतली.

आडनावं तीन आहेत. उंचीप्रमाणे लावली, म्हणून तुझं सगळ्यात वर. बापलेकांना मिळून एक ओळ पुरे. खाली माझं, माहेरचं. पेंटर म्हणाला, "काकू, बिऱ्हाडं किती राहतात इथे?" म्हटलं, "बिऱ्हाड एकच, तोंडं चार. तू रंगव."

लग्नात तू आडनाव बदललं नाहीस म्हणून मी तोंड फुगवून बसले होते, तो विषय आता काढायचा नाही. सांगून ठेवते.

खरी पंचाईत पुढे झाली. पेंटरने विचारलं, "वेलांटी पहिली की दुसरी?" आणि मला माझंच आडनाव लिहिता येईना! इतक्या वर्षांत लिहिलंय कुठे? हवेत बोटाने दोन्ही गिरवून पाहिल्या. तर स्वयंपाकघरातून, भाजी ढवळता ढवळता, तुझे सासरे ओरडले, "दुसरी! लग्नाआधी पाकिटांवर मीच लिहायचो की!"

आणि इतकी वर्षं हा माणूस गप्प!

भाजी झाकून ठेवलीय. मीठ जास्त आहे, पण आज नावं ठेवू नकोस. आम्ही दोघं फिरायला चाललोय. बघ, जिन्यातून मला आडनावाने हाका मारतायत, सगळी बिल्डिंग ऐकतेय. दोनदा ऐकून घेतल्या, आता निघते.

– तिसऱ्या ओळीतली