टाकीच्या झाकणाखालची चकती

प्रथम दुरुस्ती. गेल्या वर्षी केलेल्या मृत्युपत्राच्या चौथ्या कलमात मी असे लिहिले होते: "पुलाच्या चढावर गाडी माझ्या हातून बंद पडली, मागून टेंपोने धडक दिली आणि आईचा पाय कायमचा अधू झाला. याला मी जबाबदार आहे." हे विधान चुकीचे आहे. गाडी माझ्या हातून बंद पडली नव्हती. ते मृत्युपत्र मी रद्द करते आणि त्याच्या जागी हे लिहिते.

मी पूर्ण शुद्धीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे आणि वय तिशीच्या आत आहे. दडपण भरपूर आहे, पण ते मी हे लिहू नये म्हणून आहे. या वयात पुन्हा मृत्युपत्र कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी खुलासा: मंगळवारी माझा थोरला भाऊ माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, "सही कर. सोमवारी भंगारवाला गाडी न्यायला येतोय." मी म्हटले, गाडी चांगली आहे, मी ती चालवणार. दादा म्हणाला, "त्या डबड्यात मरशील एक दिवस."

"बरं," मी म्हटले. "मग आधी निरवानिरव करते."

बोललेले करावे, हे वळण मला बाबांनी लावले आहे.

कलम १. गाडी. ती मूळची बाबांची. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती माझ्या नावावर केली. वर्षातून चार-दोन वेळाच ती शेडबाहेर निघते. किल्ली फिरवली की एका दमात चालू होते, फाटकापर्यंत छान जाते. मोठ्या रस्त्याला लागून जरा अंतर कापले की आचके देते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू, जणू काही झालेच नाही. पुलावर अशीच बंद पडली. आई माझ्या शेजारी बसली होती.

त्यानंतर तीन वर्षे मी जेवताना हे ऐकले आहे. बाबा: "क्लच सोडायची घाई. कितीदा सांगितलं." दादा, पाहुण्यांसमोर: "आमच्या बाईसाहेब बसल्या की गाडीला घेरी येते." पाहुणे हसायचे. आई काठी उचलून आत जायची. मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलला, पंप बदलला, प्लग बदलले आणि शेवटी माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "गाडीत काही नाही साहेब. हात बदला."

मीही ते खरे मानले. इतके, की लिहून सही केली.

दादाची भंगारवाल्याशी बोलणी चालली आहेत हे कळल्यावर गेल्या रविवारी मी स्वतः शेडमध्ये गेले. शाळेत जाण्याआधी बाबांनी मला घरीच वाचायला शिकवले, तेही याच गाडीच्या माहितीपुस्तकावरून. "आधी साधं बघायचं, मग अवघड," असे ते म्हणायचे. मी तसेच केले. बॅटरीची टोके घासली. टाकीतले शिळे पेट्रोल काढून ताजे भरले, गाळणी बदलली. गाडी चालू ठेवली, आणि काही वेळाने ती नेहमीसारखीच बंद पडली. पेट्रोल गळते की काय म्हणून टाकीचे झाकण फिरवले, तर आत जोराने हवा ओढली गेली. कोणीतरी बराच वेळ श्वास कोंडून बसले होते आणि आता घेतला, असा तो आवाज होता.

झाकण उलटे केले. आत प्लॅस्टिकची गोल चकती घट्ट बसवलेली होती.

आमच्या घरात प्रत्येक डब्याच्या आणि बरणीच्या झाकणाखाली अशी चकती असते. बाबा जाड पिशवीवर वाटी ठेवून त्या कापतात. दमट हवा नको, मुंगी नको, वास उडायला नको. साखरेला हे चालते. गाडीच्या झाकणाला मात्र बारीक भोक असते, जेवढे पेट्रोल खर्च होते तेवढी हवा आत यावी म्हणून. ते भोक बुजले होते. पंप ओढून ओढून थकायचा आणि इंजिन उपाशी मरायचे. थांबलो की कुठूनतरी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा चालू व्हायची.

चकती काढून गाडी चालू ठेवली. मीच बंद करीपर्यंत ती चालली. चकती परत लावली, बंद पडली. एकदा पाहून माझा विश्वास बसत नाही, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा केले.

चकती बाबांच्या हातात दिली. त्यांनी कडेवरून बोट फिरवले. "वाटी ठेवून कापलीय," ते म्हणाले, आणि चकती मला परत दिली. मग म्हणाले, "पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून लावली असेल. प्लॅस्टिकने कुठे गाडी बंद पडते?"

"शेडमध्ये चला, दाखवते."

"झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार आहे?"

दादा मध्येच आला. "या वयात त्यांना बोल लावतेस? लाज नाही वाटत?"

नाही वाटत. दोष माझा होता तोवर तो रोज ताटाशेजारी वाढला जात होता. बाबांचा निघाला तेव्हा झालं ते झालं? चकती लावली याचा मला राग नाही. ती काळजीने लावली होती. "तुझी चूक नव्हती" एवढे एक वाक्य या घरात कोणाच्या तोंडून निघत नाही, त्याचा राग आहे, आणि तो मी मृत्युपत्रात नोंदवून ठेवते.

माझ्या पश्चात गाडी वहिनीला द्यावी. तिच्याकडे परवाना आहे, दादा किल्ली देत नाही. अट एकच: दादाने मागे बसावे आणि बोलू नये.

कलम २. पान्यांची पेटीही वहिनीला. मेकॅनिकला हात लावू देऊ नये.

कलम ३. चकती बाबांना. ती माझी कधीच नव्हती. मी फक्त परत करते आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक आईला द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, जी साक्षीदार असेल तिला काही देऊ नका. मी आईला विचारले, पैसे घेतेस की सही करतेस?

"सही करते. गाडीत मी होते, हे सगळे होते का? क्लचला पायसुद्धा लावला नव्हतास तू. तेव्हाच सांगितलं होतं मी, पण माझं ऐकतंय कोण?"

म्हणून शिल्लक तिच्या पायाला व्यायाम देणाऱ्या बाईंच्या दवाखान्याला द्यावी.

सही करण्याआधी आई म्हणाली, "आणि गाडी घेऊन जाशील तेव्हा मी पुढे बसणार."

मी म्हटले, "आई, अगं साक्षीदार मागे उरावा लागतो."

"मग तिसरा घे."

तिसरा घेतला आहे.

ठिकाण: घरामागची शेड, गाडीच्या बॉनेटवर.
तारीख: शुक्रवार, १३ मार्च २०२६.

लिहून देणार: सही (धाकटी मुलगी)

साक्षीदार:
१. सही (आई; काठी बाजूला ठेवून, उभी राहून)
२. सही (वकीलबाई)
३. सही (शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी, त्यांना गाडी लागते, त्या येणार नाहीत)

पुलाच्या त्याच चढावरून जायचे आहे. मागची सीट रिकामी आहे. बाबांना यायचे असेल तर त्यांनी यावे, पण चढावर ते एक वाक्य बोलावे लागेल. बोलणार नसतील तर घरी बसावे. आम्ही दोघी थांबणार नाही. निघण्याचा दिवस: रविवार, १५ मार्च.