पहिल्या पानावरची मोकळी जागा

प्रिय ठोंब्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते मध्येच कापता येत नाही. मित्राच्या घरी तोंड लपवून बसलायस, हे आईला कळलंय. तिला काळजी एकच, तिथे तुला धड पांघरूण आहे का.

इकडे मजेत. आईने मांजर पाळलंय आणि त्याला तुझं नाव ठेवलंय, कारण तेही हाकेला ओ देत नाही. माझं काम तेच, दुरुस्तीची चौकट. मागच्या आठवड्यात आपल्या पेपराने एका जिवंत गायकाला दिवंगत केलं. त्यांनी स्वतः फोन करून, आपण अजून आहोत, असं फार अदबीने कळवलं. पाचव्या पानाच्या तळाशी, चार ओळींत, मी त्यांना परत आणलं.

तुझ्या बातमीला चार ओळी पुरायच्या नाहीत. सीमेपलीकडच्या कारखान्याच्या आवारातले ते लांब नळ म्हणजे क्षेपणास्त्रं, असं तू एकाच अधिकाऱ्याच्या तोंडचं ऐकून लिहिलंस. दुसऱ्या कुणाला विचारलं का, हे संपादकांनीही विचारलं नाही. आठ कॉलमी मथळा देऊन मोकळे झाले. पंधरा दिवसांत युद्ध पेटलं. ते संपल्यावर आपलेच सैनिक तिथे पोचले, तर नळ सांडपाण्याचे.

बाबांचा नियम आठवतो? घरात काही फुटलं की फोडणाऱ्याने जेवणाआधी उभं राहून आपणहून सांगायचं; मग ओरडा नाही. बरणी फुटली तेव्हा तू ऐटीत उभा राहिलास आणि जाहीर केलंस, ताईने फोडली. हसून हसून आईच्या हातातला डाव खाली पडला. बाबांनी तुला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या खेपेला खरं बोललास, आणि त्या दिवशी जेवलासही दुप्पट.

शेजारच्या काकूंचा मुलगा तुझी बातमी वाचून सैन्यात भरती झाला होता, ते तुला माहीत आहे. एक पाय गमावून परतला, तेही. पण तो आता नव्या पायाने सायकल शिकतोय, हे माहीत नसेल. रोज कुंपणात पडतो आणि शिव्या कुंपणाला घालतो. काल मी त्याला नळांचं सगळं सांगितलं. बराच वेळ तो सायकलची घंटी उगाच पुसत राहिला. मग म्हणाला, "दादाने स्वतः येऊन सांगितलं, तर ऐकेन."

शुक्रवारी पहिल्या पानावर, जिथे तुझी बातमी होती त्याच जागी, चुकीची कबुली छापायचं ठरलंय. संपादकांनी आपला भाग लिहिलाय, खाली नावासकट. किती वेळा खोडत होते. शेवटी मीच कागद ओढून घेतला. शेजारची जागा तुझी. तू लिहिलं नाहीस तर मी लिहावं, असं ते म्हणतात. मी नाही म्हटलंय. तुझी बरणी ताईच्या नावावर तेव्हाही खपली नव्हती. नोकरी राहील की नाही, मी सांगू शकत नाही. बुधवारपर्यंत घरी ये. जेवणाआधी उभा राहून आधी आम्हाला सांग. मग शेजारी जाऊ. फाटकापर्यंत मी येईन. आत तू एकट्याने जायचं.

तुझ्यावर अजून नियम चालवणारी,
तुझीच ताई