टिंबाचे स्क्रू

सरावली, बोईसर
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद. फोन असताना बाबांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी 'जेवलो', 'गोळ्या घेतल्या' एवढंच सांगतो आणि ठेवून देतो. बाकीचं सगळं तुझी आई बोलायची. ती गेल्यापासून रविवारी तुझा फोन झाला, की पुढचा अख्खा दिवस मोकळा पडतो. आपल्या बिल्डिंगमध्येही आता ओळखीचं कुणी उरलं नाही. भाडेकरू येतात, कंपनी बदलली की निघून जातात.

म्हणून गणपती झाल्यावर जिन्याखालची यामाहा बाहेर काढली. तिच्या क्लचच्या झाकणातून तेल गळायचं, आणि ते झाकण इतकी वर्षं का उघडलं नाही, हे तुला माहीत आहे. दहावीच्या सुट्टीत तू हट्टाने ते उघडायला बसलीस. पहिल्याच स्क्रूच्या डोक्यावरची फुली झिजून गोल झाली आणि मी चारचौघांसमोर ओरडलो, "तुला नाही जमणार. ऊठ, आणि परत माझ्या हत्यारांना हात लावू नकोस." तू उठलीस. परत कधी लावला नाहीस. पुढे इंजिनीअरिंगचा विचार सोडून कॉमर्सला गेलीस, तेव्हा आई म्हणाली होती की हे तुमच्यामुळे. मी ते हसण्यावारी नेलं.

या वेळी मी स्वतः बसलो. दुसरा स्क्रू घेतला, तर त्याचीही फुली झिजली. तिसऱ्याचं तेच. तीस वर्षं एमआयडीसीत फिटर होतो मी. लाज वाटली. शेवटी बेटेगावला नरहरीकडे गेलो. जुन्या गाड्या दुरुस्त करतो तो, साधारण माझ्याच वयाचा. गाडीच्या दुसऱ्या झाकणाचा एक ढिला स्क्रू मी सोबत नेला होता, तो त्याने उजेडात धरला.

"भाऊ, तुमच्या स्टार स्क्रू ड्रायव्हरने नाय निघायचे हे. जपानी स्क्रू हायत. डोक्यावर टिंब दिसतं ना?"

दिसलं. फुलीच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढं. आपला नेहमीचा स्टार टोकाला निमुळता असतो, त्यामुळे जोर लावला की तो वर उचलला जातो आणि फुली खातो, असं त्याने समजावलं. जपानी फुलीला तिचंच टोक लागतं, तळापर्यंत बसणारं. त्याने स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर मला वापरायला दिला.

घरी येऊन चौथ्या स्क्रूला लावला, तर हात सोडला तरी पडेना. हातोडीचा एक ठोका दिला, अंगाचा भार टाकून दाबला आणि फिरवला. कट् आवाज झाला आणि स्क्रू सुटला. आणि तेव्हा मला आठवलं, उत्कर्षा. मी ओरडण्याआधी तू दोनदा म्हणाली होतीस, "बाबा, हा नीट बसतच नाहीये." स्क्रू ड्रायव्हर मीच तुझ्या हातात दिला होता. तुझ्या पंधरा वर्षांच्या हाताला जे कळलं, ते मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

झिजलेले तिन्ही छिन्नीने कडेला ठोकून सोडवले. तुझा सगळ्यात शेवटी निघाला. त्यांच्या जागी दुसरे कुठलेही लावा, असं नरहरी म्हणाला, पण मला तसलेच हवे होते. पालघरला भंगारवाल्यांकडे चार खेपा केल्या. शेवटी एका अनुज नावाच्या मुलाच्या दुकानात यामाहाचंच एक मोडकं इंजिन सापडलं. हवे ते काढून घ्या काका, म्हणाला. तिथेच उकिडवा बसून तीन स्क्रू काढले. एकाचीही फुली दुखावली नाही. टिंबं पुसून बघितली.

गळती थांबली. काल गाडी सुरू झाली. नवापूरपर्यंत जाऊन आलो. किनाऱ्यावर एक चहा घेतला आणि परत फिरलो. एकट्याने किती वेळ थांबणार?

आता पत्राचं खरं कारण लिहितो. मे महिन्यात तू म्हणालीस, बाबा, नाशिकला या, इथेच राहा. मी म्हणालो, गाडीचं काम अर्धवट आहे. खोटं बोललो. तेव्हा गाडीवरचं कापडसुद्धा काढलेलं नव्हतं. ज्या मुलीला मी इतकं बोललो, तिच्या घरी कोणत्या तोंडाने राहायचं, हे मला कळत नव्हतं. ते तुला सांगता आलं नाही, म्हणून गाडीचं नाव पुढे केलं. तू त्यानंतर तो विषय काढला नाहीस. बरोबरच आहे, माझा नकार तू खराच धरलास. पण बाळा, पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा तेवढं एकदा परत विचारून बघ.

तुझाच,
बाबा