बेड नऊचा मरमर

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी मेंटॉर. युनिटमधल्या तिन्ही शिकाऊ डॉक्टरांना घडवायची जबाबदारी अधिकृतपणे माझ्यावर. अनधिकृतपणे ती कित्येक वर्षं होतीच.
अर्ध्या दिवसाची कार्यशाळा झाली. शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, ट्रेनीला ‘मला कळलं नाही’ असं न घाबरता म्हणता आलं पाहिजे. अगदी माझेच विचार! शेवटच्या तासाला डोळे मिटून त्यावर चिंतन केलं. शेजारच्या सर्जनने कोपर मारून चिंतन मोडलं. म्हणे आवाज येत होता.
संकल्प: ओरडायचं नाही. ऐकून घ्यायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
राउंडआधी तिघांना रांगेत उभं केलं. सांगितलं, मला घाबरायचं नाही. घाबरलेलं मला अजिबात खपत नाही. तिघंही दचकून ‘हो सर’ म्हणाले. सुरुवात छान.
जवळीक वाढावी म्हणून टोपणनावं ठेवली. टॉपर, चष्मा आणि मौनी. मौनी ही मुलगी. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सुवर्णसंधी! बेड नऊवर न्यूमोनियाचे ड्रायव्हरकाका. सहज छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काय सांगू! ठोक्यांच्या मध्ये सुस्पष्ट मरमर. बारीक, शिट्टीसारखा. म्हणजे हृदयाची झडप नीट मिटत नाही. असली गोष्ट यंत्राला कळत नाही, त्याला तयार कान लागतो.
तिघांना ऐकवला. टॉपरला लगेच ऐकू आला. चष्म्याला तर मानेपर्यंत पसरलेला ऐकू आला. मौनी बराच वेळ लावून म्हणाली, सर, मला नाही ऐकू आला. म्हटलं, पुन्हा ऐक. नाही. पुन्हा. नाही. सिस्टर म्हणाल्या, सर, जरा हळू, पलीकडचे पेशंट उठून बसलेत. मी ओरडत नव्हतो. माझा आवाजच भारदस्त आहे.
घरी बायको म्हणाली, अहो, एवढी मरमर करता, कोणी विचारतं का? सांगितलं, मरमर मी करत नाही, बेड नऊ करतो. तिने कपाळाला हात लावला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
मौनीला फीडबॅक दिला. कार्यशाळेतली सँडविच पद्धत: आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. म्हटलं, तुझ्या ॲप्रनला इस्त्री असते. तुला ऐकू येत नाही, आणि असा डॉक्टर म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. पेन छान आहे.
तिचे डोळे भरून आले. पद्धत खरंच परिणामकारक आहे.
बायकोला सांगितलं तर ती काहीतरी पुटपुटली. हल्ली फार पुटपुटते.

९ फेब्रुवारी, सोमवार
ड्रायव्हरकाकांचा एको झाला. हृदय ठणठणीत, झडपा नव्याकोऱ्या. मशीन जुनं आहे, आणि चालवणारा अगदीच नवा. टॉपर आणि चष्मा माझ्याशी पूर्ण सहमत.
काका म्हणाले, उशीवर डावा कान टेकला की त्यांनाही शिट्टी ऐकू येते. घ्या! पेशंटला येते, मौनीला येत नाही. बस पुन्हा कधी चालवू, असं विचारत होते. म्हटलं, घाई नको. इथं शिक्षण चालू आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार
मरमरची साथच आली आहे. बेड चार, बेड सात, बेड बारा. सगळीकडे तोच, बारीक, शिट्टीसारखा. टॉपर म्हणतो, सर, यावर पेपर लिहू या. गुणी पोरगा.
मौनीला कुठेच ऐकू येत नाही. सिस्टरना म्हणाली म्हणे, माझे कानच वाईट असतील तर मी हे सगळं सोडून घरी जाते. ऐकून काळजात चर्र झालं. पोरगी कष्टाळू आहे. रक्ताचा रिपोर्ट अडकला तर स्वतः लॅबमध्ये जाऊन बसते. ती गेली तर मेंटॉर म्हणून माझं नाक कापलं जाईल. आणि नाक बाजूला ठेवलं तरी वाईट वाटेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मेहुणा कान-नाक-घशाचा डॉक्टर. मौनीला स्वतः त्याच्याकडे घेऊन गेलो. आजकाल कोण करतं एवढं?
तपासून झाल्यावर तिला बाहेर बसवून मेहुणा म्हणाला, भाऊजी, हिला भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू येईल. म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, मग तुम्हीच बसून बघा. बंद खोलीत हेडफोन लावून बसलो. बराच वेळ झाला तरी टेस्ट सुरूच करेना. बाहेर येऊन विचारलं तर म्हणे, संपलीसुद्धा.
त्याच्या मते माझ्या कानात कायम एक बारीक शिट्टी वाजते. वयोमान. स्टेथोस्कोप लावून बाहेरचे आवाज बंद झाले की जास्तच.
मौनीने गाडीत रिपोर्टचं विचारलं. सांगितलं, कान बरे आहेत, सराव कमी पडतो. खोटं नाही. सराव कोणाला पुरतो? ती खिडकीबाहेर बघत राहिली. मध्ये काहीतरी म्हणालीही असेल. मला ऐकू आलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर विचार केला. मोठा माणूस आपली मर्यादा ओळखतो. उद्यापासून मौनीचे कान तेच माझे कान. ती नाही म्हणाली की नाही. कारण सांगत बसायची गरज नाही. नाहीतर टॉपर माझ्या कानांवर पेपर लिहील.
पोरगी एकटीच खरं बोलत होती. उद्या तिला सगळ्यांसमोर पुढे करायचं. बरं वाटलं. दोन वेळा जेवलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सकाळीच ड्रायव्हरकाकांना घरी सोडलं. खुशाल बस चालवा म्हटलं. काका जरा हिरमुसले. मरमरची सवय झाली होती.
बेड नऊवर आता शिवणकाम करणाऱ्या बाई. उद्या पित्ताशयाचं ऑपरेशन. हृदय तपासून आम्ही होकार द्यायचा. स्टेथोस्कोप लावला. शिट्टी, अर्थात. तिच्याखाली आणखी काही आहे का, देव जाणे.
मौनीला पुढे बोलावलं. शक्य तितक्या प्रेमाने विचारलं, ऐकू आला का? तिने डोळे मिटून खूप वेळ ऐकलं. मग डोळे उघडले आणि बाईंकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.
म्हणाली, हो सर. आला. बारीक, शिट्टीसारखा.
टॉपरने तिची पाठ थोपटली. चष्म्याला मानेपर्यंत ऐकू आला. बाईंचं ऑपरेशन पुढे ढकललं. दुपारी एको: हृदय ठणठणीत.
सिस्टर सांगत होत्या, मौनी आता सोडून जाणार नाही. म्हणाली, जमायला लागलं. ट्रेनी तीन, तिघांनाही ऐकू येतं. शंभर टक्के निकाल.
संध्याकाळच्या राउंडला बेड दहापाशी थांबलो. आजोबांना धाप लागली होती. छातीला स्टेथोस्कोप लावला, ऐकलं, आणि मागे वळलो. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. विचारावं असं कोणी उरलं नव्हतं.