गल्ल्याजवळची चौकट

हार्लन क्रीक, इंडियाना
सोमवार, १३ मे २०२४

प्रिय ड्वेन,

प्रिय लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. मी ठीक आहे. सकाळी पुढचं गवत कापलं, मग पोस्टात जाऊन आलो. घरी आल्यावर दोन अंडी तळली. हवा कोरडी आहे, मक्याची पेरणी या आठवड्यात उरकेल असं सगळे म्हणतात.

तुझे चार फोन येऊन गेले. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. दारात येऊन उभा राहिलास तर तोंडावर काहीच सुचणार नाही, म्हणून लिहितो.

लोरेटाला जाऊन बारा आठवडे झाले. दफनाच्या दिवशी तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "भावजी, ताईचा एप्रन आणि तिची ती छोटी वही मला द्या. हॉटेलात गल्ल्याजवळ भिंतीवर लावतो. बावीस वर्षं ताटं वाढत राबली ती माझ्याकडे. गिऱ्हाइकांना रोज दिसायला हवी." चर्चच्या पायऱ्यांवर तू हे जरा मोठ्यानेच म्हणालास. मी मान हलवली.

एप्रन दिला नाही. वही दिली. काचेची चौकट मी माझ्या हाताने केली, अक्रोडाच्या लाकडाची. आत वही मी निवडलेल्या पानावर उघडी. तीस वर्षं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं, तेवढं अजून जमतं. काल सकाळी दहाला, चर्च सुटायच्या आत, मीच ती गल्ल्याच्या डाव्या हाताला बसवली. चार लांब स्क्रू, आणि त्यांच्या खाचा घासून टाकल्या. तू चष्मा न लावता पाहिलंस आणि म्हणालास, "सुरेख! अगदी तिच्यासारखी."

तू वाचलं नाहीस. बावीस वर्षांत तिचं अक्षर तू कधी वाचलं नाहीस. माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

मातृदिनाची गर्दी. पैसे द्यायला गल्ल्यापासून दारापर्यंत रांग, आणि रांगेतल्या माणसाला वाचायला दुसरं काही नाही. मी कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी घेऊन बसलो होतो. तू आत पॅनकेकच्या नावाने ओरडत होतास, म्हणून सुरुवात तुला चुकली. ती सांगतो.

पहिल्या एल्डोरा फिचबाई. शहाऐंशी वर्षांच्या, दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड. काठी टेकवून त्यांनी वाचलं: "१४ मे २०२३, मातृदिन. अकरा तास. टिप २५२. त्यातले ८४ ड्वेनने घेतले. कर माझ्या नावावर, पूर्ण २५२ वर. पोटात कळ. पाच वाजता फ्रीजच्या खोलीत बसून घेतलं."

मग त्यांनी हाक मारली. "ड्वेन! ए ड्वेन, इकडे ये. हे चौऱ्याऐंशी कसले रे?"

तू हात पुसत आलास. "अहो बाई, तिचं आपलं काहीतरी टिपण असेल."

"तिसरीत तुला वजाबाकी मी शिकवली. ही कुणाच्या ताटातून केलीस?"

"फुटलेले कप असतात, कार्डाच्या मशीनचा खर्च असतो…"

"चौऱ्याऐंशी डॉलरचे कप? एका दिवसात? काय बैल घुसला होता का?"

रांगेत कुणीतरी हसलं. तेवढ्यात जोलीन कॉफीची किटली घेऊन थांबली आणि म्हणाली, "बाई, माझ्याकडेपण वही आहे. आणू?"

पुढचं तू पाहिलंस. म्हाताऱ्या क्लिफर्डने टेबलावरची टिप उचलली आणि जोलीनच्या खिशात कोंबली. "तिथे ठेवली तर याच्या हाताला लागेल, पोरी." त्याच्यामागे सगळ्यांनी तेच केलं. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे तुझ्या आईचं, नाव त्या हॉटेलावर आहे आणि आयांच्या दिवशी एकाही बाईने तुझ्याशी हात मिळवला नाही. तू सुरीने स्क्रू काढायला गेलास तेव्हा मी पाहत होतो. निघेनात, म्हणून तू त्यावर मेन्यू चिकटवलास. फिचबाईंनी तो काठीने पाडला. त्या वेळी मला गेल्या बारा आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली. मी पॅनकेक मागवले आणि सगळे खाल्ले.

फोनवर ठेवलेल्या शेवटच्या निरोपात तू रडत होतास. "भावजी, ती माझी सख्खी बहीण होती."

होती. तासाला दोन डॉलर तेरा सेंट देत होतास तिला. बाकीचं गिऱ्हाइकांनी द्यायचं. ते देत. त्यातला तिसरा हिस्सा तू रोख काढून घेत होतास आणि कर मात्र पूर्ण रकमेवर, तिच्या पगारातून. पगार त्या करातच संपायचा. महिन्यातून दोनदा चेक यायचा, त्यावर शून्य. तू तो सगळ्यांदेखत तिच्या हातात द्यायचास. "ताई, जपून ने हं, वाटेत चोर लुटतील." ती हसायची. मला घरी येऊन तेही हसतच सांगायची.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. पहिल्या तीन वर्षांत तिने मला विचारलं होतं, "वेंडल, हे बरोबर आहे का रे?" मी म्हणालो, "भाऊ आहे, जाऊ दे." मला भांडणं आवडत नाहीत. त्यानंतर तिने मला पुन्हा विचारलं नाही. वहीत लिहायला लागली. मला वाटायचं, किराण्याची यादी असेल.

गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं तेव्हा तिने तुझ्याकडे दोन रविवार मागितले, शहरातल्या डॉक्टरकडे राहायला. तू म्हणालास, मातृदिन होऊ दे. मी तेव्हाही गप्प बसलो. तेव्हा चौकटीतलं ते पान तुझ्याइतकंच माझंही आहे. मी ते रोज वाचलं आहे. तूही वाच.

"काय हवंय ते सांगा," असं तू निरोपात म्हणालास. तुझ्याकडे आहे त्यातलं काही नको. चौकट काढायची असेल तर भिंत फोडावी लागेल. फोड.

आणि सकाळी पोस्टात गेलो होतो ते कशासाठी, हेही सांगतो. ती एक वही सोडून आणखी एक्केचाळीस होत्या, कपाटात बुटांच्या खोक्यात, शून्याच्या चेकांच्या पावत्यांसकट. कामगार खात्याकडे रजिस्टर्ड पाठवल्या. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काही मौल्यवान आहे का. मी हो म्हटलं. पोच आली की तुला कळवीन.

तिला "वाटेत चोर लुटतील" म्हणायचास ना. या वह्यांना वाटेत लुटायला कुणी नव्हतं. मी स्वतः नेऊन दिल्या.

मशीन थांबलंय. एप्रन धुवायला टाकला होता. आधी खिशातून तिचं पेन काढून ठेवलं, ते चालतं, त्यानेच हे लिहिलं. आता ऊन आहे तोवर एप्रन दोरीवर टाकून येतो.

लोरेटाचा नवरा,
वेंडल